सत्यवान मेस्त्रींची साक्ष

सत्यवान मेस्त्रींना बंदूक दाखवायची तर ती त्यांच्या हातात द्यायची नाही. बाकावर ठेवायची, नळी भिंतीकडे करायची आणि आपण दोन पावलं मागे सरकायचं, असा त्यांचा नियम होता. आणणारा म्हणायचा, "रिकामी आसा ओ, मेस्त्रीनू." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "रिकाम्या बंदुकीनच जास्त माणसां मेली." मग चष्मा चढवून ते खाली वाकायचे.

कट्टा या आमच्या गावात एसटी स्टॉपासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्सबरोबर अर्ज, प्रतिज्ञापत्रं, दाखल्यांची कामं, सगळंच करते. माझ्या दुकानाला लागून मेस्त्रींचं दुकान. बाहेर पत्र्याची पाटी, 'शस्त्र दुरुस्ती, सरकारमान्य परवानाधारक', त्यांच्या वडिलांच्या काळातली. आसपासच्या वाड्यांमधले शेतकरी माकडं आणि रानडुकरं हाकलण्यासाठी परवान्याची बंदूक ठेवतात, बहुतेक ठासणीची. कुणाची स्प्रिंग जायची, कुणाच्या घोड्याचा दात झिजायचा. निवडणूक लागली की सगळ्यांना बंदुका चौकीत जमा कराव्या लागतात, त्याच्या आधी आठवडाभर मेस्त्रींकडे गर्दी. त्यांच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज दर खेपेला मी लिहून द्यायचे. ते म्हणायचे, "माका बंदूक वाचूक येता गो संचिता, सरकार वाचूक येणा नाय."

वाचता येते हे ते उगाच म्हणत नव्हते. तरुणपणी अकरा वर्षं ते मुंबईत एका जुन्या शस्त्रविक्रेत्याकडे कामाला होते. तिथे संस्थानिकांच्या घरातल्या, लिलावातल्या, पलटणीतून बाद झालेल्या वस्तू यायच्या. शिक्का कुठला, वर्ष कुठलं, कुठला भाग मूळचा आणि कुठला मागाहून बसवलेला, हे त्यांनी तिथे शिकून घेतलं. पुढे वडिलांना लकवा झाला आणि ते कट्ट्याला परत आले. त्यानंतर चाळीस वर्षं त्या विद्येला गिऱ्हाईकच मिळालं नाही. स्प्रिंगा बदलण्यात माणूस अडुसष्ट वर्षांचा झाला.

नर्मदा पालव आली ती काजूच्या हंगामात. इथून सहा किलोमीटरवरच्या वाडीतली विधवा बाई. भात आणि काजूवर घर चालवणारी. बरोबर तिचा मुलगा गुरुप्रसाद, तेव्हा चोवीसचा, सरकारी भरतीच्या परीक्षा देणारा. जुन्या लुगड्याची गुंडाळी तिने बाकावर ठेवली.

"मेस्त्रीनू, ह्यां वायच बघशात?"

"खंय गावला?"

"माळ्यार. स्लॅब घालूचो म्हणान माळो काढलो, तर थंय पेटी होती. सासऱ्यांनी जिवंत आसताना कधी उघडूक दिल्यानी नाय."

मेस्त्रींनी लुगडं उलगडलं. आत हातभर लांबीचं पिस्तूल होतं. त्यांचं पहिलं वाक्य मला दुकानातून ऐकू आलं, कारण ते ओरडलेच.

"ह्यां कोणी घासला?"

"मी," गुरुप्रसाद म्हणाला. "पॉलिश पेपरान. एकच बाजू झाली. चकचकीत दिसात म्हणान."

"अर्धी किंमत थंयच झडली तुझी."

मग अर्धा तास ते कुणाशी बोलले नाहीत. नळीत गज घालून बघितला, भरलेलं नाही याची खात्री केली. चिंधीला तेल लावून पुसलं, भिंग लावलं, पुन्हा पुसलं. आणि एकदम मला हाक मारली, "संचिता, हंय ये गो! दुकान सोड आणि ये!"

मी गेले. चापाच्या वरच्या लोखंडी पट्टीवर त्यांनी बोट ठेवलं होतं. तिथे मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला एक इवलासा सिंह होता आणि त्याच्या पुढच्या पंजांत मुकुट.

"ह्यो कंपनी सरकाराचो सिंह. राणीचो नव्हे, तेच्या आधीचो. खाली साल बघ, अठराशे चव्वेचाळीस. ह्यां घोडेस्वाराचा पिस्तूल. आणि ह्यो गज बघ, बिजागरीक अडकवलेलो. घोड्यार बसान बार ठासताना हातातना सुटान पडाक नये म्हणान."

त्यांनी तीन स्क्रू काढले आणि तळहातावर ठेवून मला दाखवले. प्रत्येकाच्या बुडाला कानशीच्या बारीक खाचा होत्या. "हेका एक, हेका दोन, हेका तीन. भोकांच्या बाजूकय तेवढेच. खंयचो स्क्रू खंयच्या भोकात, ता कारागिरान लिवन ठेवल्यान. पावणेदोनशे वर्षां झाली, अजून आपापल्या जाग्यार आसत. कोणी उघडूक नाय ह्यां."

इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोलताना पाहिलं नव्हतं. मी सोडा, त्यांच्या बायकोनेही पाहिलं नसेल.

गुरुप्रसाद म्हणाला, "म्हणजे आमच्या पणज्यान इंग्रजाक मारून आणल्यान आसतला?"

"तां पिस्तूल सांगणा नाय. पिस्तूल आपला सांगता. तुझ्या पणज्याचा नाय."

"आणि किंमत? यूट्यूबार असलां एक कोटीक गेला."

"तां दुसरां. ह्येका सव्वा लाख. बरो गिऱ्हाईक इलो तर दीड. तू हात लावलंस नसतंस तर अडीच." मायलेकांचे चेहरे उतरले. मेस्त्री पुढे म्हणाले, "पण आधी कागद. हत्याराचो कागद नसलो तर तेची किंमत शून्य, आणि वर केस. चौकीत अर्ज देवया, जमा करूया. जुनी वस्तू म्हणान तपासणी होतली, दाखलो गावतलो, मगे उजळ माथ्यान इका."

नर्मदाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "परत पेटीत घालून गप ठेवला तर?"

"वयनी, बरी वस्तू लपवन ठेवूची नसता," मेस्त्री म्हणाले. "आणि मी आसंय ना."

अर्ज मी टाइप केला. मेस्त्री शेजारी उभे राहून सांगत होते आणि मी प्रमाण मराठीत उतरवत होते. लांबी, नळीचा व्यास, सिंहाचा शिक्का, साल, दस्त्याच्या पितळी टोपीवरचा आकडा, स्क्रूंच्या खाचा, कागदाने घासलेली डावी बाजू. दीड पान झालं. खाली लिहिलं, 'सदर वर्णन परवानाधारक शस्त्र दुरुस्तीकार श्री. सत्यवान मेस्त्री यांनी प्रत्यक्ष तपासणीअंती दिले आहे.' त्यांनी सही केली आणि ती ओळ दोन वेळा वाचली.

चौकीत मीही गेले होते. कुठल्या चौकीत ते लिहीत नाही. साहेब बोलायला गोड होते, सगळ्यांना चहा मागवला. अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून दिला. पंचनामा लिहिताना मात्र मेस्त्रींची आणि त्यांची जुंपली. साहेब लिहीत होते, 'एक जुने पिस्तूल, लाकडी मूठ, लांबी अंदाजे पंधरा इंच.' बस्स, तेवढंच.

मेस्त्री कोर्टकचेरीतली भाषा बोलायचा प्रयत्न करत म्हणाले, "साहेब, सिंहाचा शिक्का लिहा. साल लिहा. आकडा लिहा. नाहीतर हे पिस्तूल कुठलं ते कसं कळणार?"

"मेस्त्री, पंचनामा आम्ही लिहायचा की तुम्ही?"

"तुम्हीच. पण..."

"तुमचा अर्ज जोडलाय ना फायलीला? त्यात आहे सगळं. घ्या, चहा घ्या."

मेस्त्रींनी चहा घेतला. पुढे कितीतरी वेळा ते मला म्हणाले, "त्या दिवशी मी च्या पिऊक नको होतो." चहा न पिऊन काय झालं असतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

आठ दिवसांनी गुरुप्रसादवर गुन्हा दाखल झाला. पिस्तूल सापडलं त्याच संध्याकाळी त्याने ते हातात धरून, एक डोळा मिटून, फोटो काढला होता आणि मोबाइलच्या स्टेटसला लावला होता. तो कुणीतरी चौकीपर्यंत पोचवला. विनापरवाना हत्यार बाळगणे, दहशत माजवणे. मेस्त्री धावत चौकीत गेले. साहेब तितकेच गोड होते. म्हणाले, "तुम्ही आणून दिलंत म्हणून तर कळलं. कायदा आहे, आमचा नाइलाज आहे."

जामीन झाला, तारखा पडू लागल्या. साहेबांची बदली झाली. पिस्तूल मुद्देमालाच्या खोलीत होतं. नर्मदा महिन्यातून एकदा कट्ट्याच्या बाजारात यायची आणि मेस्त्रींच्या दुकानासमोर थांबून विचारायची, "काय झाला ओ?" मेस्त्री म्हणायचे, "होतला, वयनी." पहिल्या वर्षी ती आत येऊन बसायची. दुसऱ्या वर्षी दारातून विचारायची.

दोन वर्षांनी गुरुप्रसादची रेल्वेत निवड झाली. यादीत नाव आलं. चारित्र्य पडताळणीचा दाखला दोन महिन्यांत हवा होता, आणि केस उभी होती.

मायलेकांची वकील शुभदा. तरुण आहे, हुशार आहे, फीसाठी अडवत नाही. एक दिवस सकाळी ती धावतपळत माझ्या दुकानात आली. हातात सरकारी तपासणीचा अहवाल होता, तीन प्रती हव्या होत्या. चेहरा फुललेला. "ताई, सुटलो आपण. तज्ज्ञांनी लिहिलंय की ही शोभेची प्रतिकृती आहे. यातून बार उडूच शकत नाही. हत्यारच नाही तर गुन्हा कसला?"

मी अहवालातला फोटो मशीनवर ठेवला आणि माझा हात थांबला. मला बंदुकीतलं काही कळत नाही, पण तो सिंह मी पाहिलेला होता. हा सिंह कुत्र्यासारखा दिसत होता. मी मेस्त्रींना हाक मारली. त्यांनी भिंगसुद्धा आणलं नाही.

"ह्यां तां नाय," ते म्हणाले. "ह्यो ओतीव सिंह आसा, ठोकलेलो नाय. नळी म्हणजे पाण्याचो पाइप, सांधो दिसता. असली पर्यटकांका इकतत, दोन-तीन हजारात."

शुभदा खुर्चीवर बसली. रस्त्यावरून कुडाळची गाडी गेली. मग शुभदाने समजावून सांगितलं. सरकारी पक्षाच्या साक्षीदारांत मेस्त्रींचं नाव होतं, कारण जमा करताना ते हजर होते. कोर्टात त्यांना एकच प्रश्न विचारला जाणार, तुम्ही तपासलेली वस्तू हीच का? हो म्हणाले तर केस तिथेच संपली. नाही म्हणाले तर मुद्देमाल बदलल्याची चौकशी, नवे साक्षीदार, आणखी चार-पाच वर्षं. अर्ज? तो फायलीत सापडत नव्हता. शिक्का मारलेली पोच-प्रत तेवढी नर्मदाकडे होती.

"मी तुम्हाला खोटं बोला असं सांगू शकत नाही, काका," शुभदा म्हणाली. "वकील आहे मी. फक्त काय होईल ते सांगितलं."

सांगायला दुसऱ्या दिवशी नर्मदा आली. दुकानात शिरली नाही. पायरीवर बसली, चप्पल न काढता.

"मेस्त्रीनू, तुम्ही सांगलात म्हणान आम्ही गेलों. मी गप ठेवतंय म्हणत होतंय."

"होय."

"आता तुम्हीच सोडवा."

"वयनी, तुमचां खरां पिस्तूल कोणी तरी खाल्ल्यान. तेच्या जाग्यार पाइप ठेवल्यान. हो म्हटला तर तेचा कायमचा पचला."

"पचांदे. माका पिस्तूल नको, माका माझो झील होयो, माझो गुरुप्रसाद." तिने कमरेची पिशवी सोडली, चौकीच्या शिक्क्याची पोच बाहेर काढली आणि मेस्त्रींच्या समोर तिचे चार तुकडे केले. "आता कागदय नाय. आता फक्त तुमचो शब्द."

ती गेल्यावर मेस्त्री माझ्याकडे आले. "तुझ्या कॉम्प्युटरात तो अर्ज आसा?"

"आसा."

"काढ."

मी प्रिंट काढून दिली. उभ्या उभ्या त्यांनी ते दीड पान वाचलं, ओळीखाली बोट धरून, सावकाश. स्क्रूच्या खाचांपाशी बोट जरा थांबलं. मग म्हणाले, "बरां लिवलंस." कागद माझ्या टेबलावर उपडा ठेवला आणि म्हणाले, "पूस तां."

मी पुसलं. सही नव्हती, शिक्का नव्हता, त्या फायलीने कोर्टात काही सिद्ध झालं नसतं. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे.

साक्षीच्या दिवशी मेस्त्रींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सरकारी वकिलाने पाकीट फोडून ते पिस्तूल समोर धरलं, नळी सरळ मेस्त्रींच्या छातीकडे. मेस्त्री सवयीने बाजूला सरकले. कोर्टात एक-दोघे हसले.

"तुम्ही तपासलेली वस्तू हीच का?"

त्यांनी ती हातात घेतली. वजन घेतलं. उलटी केली. आम्हाला वाटलं आता हे बोलणार. गुरुप्रसाद आरोपीच्या जागी मान खाली घालून उभा होता. त्याने ती डावी बाजू स्वतःच्या हाताने घासली होती. समोरच्या वस्तूच्या दोन्ही बाजू सारख्याच काळ्या होत्या. त्याला कळलं नसेल, असं मला वाटत नाही.

"होय," मेस्त्री म्हणाले. "हीच."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही किती वर्षं हे काम करता?"

"पन्नास होतील, साहेब."

"पंचांनी सांगितलंय की तुम्ही हे कंपनी सरकारचं लष्करी पिस्तूल आहे असं म्हणाला होता. हे तर खेळणं आहे. पन्नास वर्षं काम केलेल्या माणसाला पाइप आणि नळी यांतला फरक कळू नये?"

मेस्त्रींनी ती वस्तू टेबलावर ठेवली, नळी भिंतीकडे करून. "चुकलो, साहेब. नजर कमी झाली आहे."

गुरुप्रसाद सुटला. निकालपत्रात एक ओळ होती, साक्षीदाराचे शस्त्रविषयक ज्ञान विश्वासार्ह वाटत नाही. शुभदाने ती ओळ मला दाखवली आणि घाईने पान उलटलं.

घरी गेल्यावर त्यांच्या बायकोने, मथुराकाकीने, विचारलं, "तुम्ही कोर्टात खोटां बोललास?"

"नाय. चुकलंय म्हणान सांगलंय," म्हणाले आणि जेवले नाहीत. हे काकीनेच मला सांगितलं. काकी महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. तिचं म्हणणं, परक्याच्या मुलासाठी स्वतःचं तोंड काळं करायला कुणी सांगितलं होतं?

त्या ओळीचे पाय लांब निघाले. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी कार्यालयातून पत्र आलं, दृष्टी आणि ज्ञान याबाबत खुलासा सादर करावा. मी तीन खुलासे लिहिले. पहिल्यात डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला जोडू असं होतं. दाखला मिळाला असता, त्यांची नजर उत्तम होती. मेस्त्री म्हणाले, "नजर बरी आसा म्हणान लिवलंस तर कोर्टात खोटां बोललंय असां होता. नजर गेली म्हणान लिवलंस तर परवानो जाता." तिन्ही कागद त्यांनी परत दिले. मुदत संपली. पाटी त्यांनी स्वतःच उतरवली, शिडीवर चढून, मला धरायला सांगून.

गुरुप्रसाद नोकरीवर रुजू झाला. चतुर्थीला सुट्टीवर आला तेव्हा स्टॉपावरच्या हॉटेलात मित्रांना सांगत होता, "मेस्त्रीन खेळण्याक कंपनीचां पिस्तूल म्हणान सांगितल्यान, आणि आमची दोन वर्षां फुकट गेली." माझ्या दुकानातून ऐकू येत होतं, म्हणजे भिंतीपलीकडे मेस्त्रींनाही येत होतं. खरं सांगायची त्याला सोय नव्हती हे मला समजतं. गप्प बसायची सोय होती. नर्मदा आता बाजारात आली की पलीकडच्या बाजूने जाते. एकदा मी तिला आडवी गेले तर म्हणाली, "माका तेंच्याकडे बघूक होणा नाय गो." मी म्हटलं, "मगे बघा नको." ती रडली. मला तिची दया आली नाही.

आता मेस्त्री कोयते आणि आडाळ्यांना, म्हणजे विळ्यांना, धार लावून देतात. त्याला परवाना लागत नाही. हात तेच, काम चोख. सगळी हत्यारं एका ओळीत मांडलेली असतात.

गेल्या महिन्यात आचऱ्याहून एक म्हातारा आला. बाबू त्याचं नाव. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली लांब काहीतरी वस्तू. त्याला कुणीतरी जुनी माहिती दिली होती की कट्ट्याचा मेस्त्री जुन्या बंदुका ओळखतो. गोणपाटात नुसती नळी होती, लाकूड कधीच कुजून गेलेलं. घरात दाराला अडसर म्हणून वापरायचे. नळीच्या तोंडापाशी पानाफुलांची नक्षी होती आणि खोलगटात काहीतरी पांढरं चमकत होतं.

मेस्त्रींनी ती एकदा हातात घेतली आणि लगेच परत दिली.

"पाण्याचो पाइप आसा. लोखंडी. अडसरच करा तेचो."

"पण नक्षी आसा मरे," म्हातारा म्हणाला.

"पाइपारय नक्षी करतत."

म्हाताऱ्याने गोणपाट पुन्हा गुंडाळलं, आचऱ्याची गाडी किती वाजता ते मला विचारलं आणि समोर स्टॉपावर जाऊन उभा राहिला.

मी मेस्त्रींकडे बघितलं. त्यांनी कोयता उचलला होता.

"काका, पाइप होतो तो?"

"नाय," ते म्हणाले. "तोड्याच्या बंदुकीची नळी. रुप्याचा काम. कंपनीच्याय आधीची. असली मी आयुष्यात दोनदाच बघितलंय."

"मगे तेका सांगलास कित्याक नाय?"

"सांगान काय करतलो तो?" त्यांनी धार लावायला सुरुवात केली. "अर्ज?"

गाडी यायला वीस मिनिटं होती. रस्ता ओलांडायला एक मिनिटही लागलं नसतं. म्हातारा नळी उभी धरून, तिच्यावर हात टेकून वाट बघत होता. माझ्याकडे सातबाऱ्यासाठी दोन माणसं येऊन उभी राहिली. मी त्यांचे कागद घेतले.